चौऱ्याऐंशीव्या नोंदीचे कारण

८ जानेवारी १९९६, सोमवार
धुळ्याची एसटी वेळेवर सुटली आणि साडेअकराला मी जळगावात हजर. खोली छान आहे, पूर्वेला खिडकी. घरमालकीणबाईंनी वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली. एकोणसत्तर सालची बी.एस्सी., पहिला वर्ग, नंतर संगणकाचा कोर्स, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी. उगाच विनय कशाला, मी खूश आहे.

९ जानेवारी
रंगाच्या कारखान्यात नऊ संगणक आहेत. त्यांत रंगांची सूत्रे असल्यामुळे कोणी कुठे बसायचे, पासवर्ड किती अक्षरांचा, किती चुकांनंतर दार बंद, हे सारे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ओळीने लिहिले आहे. बदल करायचा तर फाईल आधी आपल्या नावावर घ्यायची. परत करीपर्यंत दुसऱ्या कोणाला ती बदलता येत नाही. परत करताना कारण लिहायचे. जुनी ओळ, नवी ओळ, नाव, तारीख, कारण, सगळे इतिहासात राहते. रोज सकाळी साडेनऊला नऊही संगणक फाईलशी ताडून पाहिले जातात. फरक दिसला तर संगणक बदलला जातो, फाईल नाही. विभागप्रमुख रतिलालभाऊ म्हणाले, इथे फाईल म्हणेल तेच खरे. असा कडकपणा मला आवडतो.

फाईल लिहिली माझ्या आधीच्या प्रमिलाबाईंनी. बोदवडच्या, मॅट्रिक. नोव्हेंबरात सकाळी साडेनऊला खुर्चीतच गेल्या. चौऱ्याऐंशीव्या नोंदीचे कारण लिहीत होत्या. ‘कारण’ एवढा शब्दच झाला. फाईल अजून त्यांच्याच नावावर अडकली आहे.

१२ जानेवारी
सकाळपासून प्रमिलाबाई. चहा त्यांच्या पद्धतीचा, कॅलेंडर त्यांच्या आवडीचे. अडकलेली फाईल सोडवून द्या म्हटले तर रतिलालभाऊ म्हणतात, बाईंची शेवटची नोंद आहे, राहू द्या थोडे दिवस. वॉचमन हिलालने तर दारातच बजावले, “अक्का, ती बाईनी फाईल शे. तिले हात नका लावू.” मग मला कशाला नेमले? कॅलेंडर बदलायला?

१६ जानेवारी
चुका काढायच्या म्हणून त्र्याऐंशी नोंदी वाचल्या. सुरक्षेची फाईल की दुखण्यांची वही! बाराव्या नोंदीत डावा गुडघा धरला, जिना नको, म्हणून मुख्य संगणक तळमजल्यावर. एकेचाळिसावीत दिवस कलला की दिसत नाही, म्हणून पाचनंतर स्वतःचा प्रवेश बंद. सत्तरावीत हाताला कंप, म्हणून पासवर्डच्या चुका तीनऐवजी पाच चालतील. स्वतःच्या हातासाठी साऱ्या कारखान्याचा नियम सैल केला, आणि लोक म्हणतात शिस्तीच्या बाई.
ओळी मात्र सुबक आहेत. एक शब्द जास्त नाही. तेच सहन होत नाही.

१८ जानेवारी
आज केले. फाईल अडकली आहे, पण तिचा इतिहास शेवटी मजकूरच. तो थेट उघडला आणि चौऱ्याऐंशीही नोंदींत ‘प्रमिला’ काढून माझे ‘कमल’ घातले. जिवंत माणसाचे नाव मेलेल्याच्या जागी, यात चोरी कसली?

१९ जानेवारी
साडेनऊनंतर रतिलालभाऊ म्हणाले, कमलबाई, तुमच्या हातची फाईल म्हणजे प्रश्नच नाही. सगळे ठीक आहे म्हणत हिलालनेही सलाम ठोकला, “बठ्ठं बराबर शे, अक्का.” प्रमिलाबाईंचे नाव काढले तर दोघे एकदमच म्हणाले, कोण प्रमिलाबाई?
रात्री छान झोप लागेल.

२२ जानेवारी
साडेनऊला डावा गुडघा धरला. जिना चढवेना. मुख्य संगणक तळमजल्यावर आहे म्हणून निभावले. हिलालने विचारले, आज पाय जास्त दुखतो का? जणू नेहमीचाच.

२३ जानेवारी
पाचनंतर अक्षरे पुसट. घरमालकीणबाईंनी हात धरून जिन्यावरून नेले. बारावी, एकेचाळिसावी. क्रम तोच.

२४ जानेवारी
हात थरथरतो. पासवर्ड चार वेळा चुकला. पाचव्यांदा लागला. तीनचा नियम असता तर बाहेरच राहिले असते. त्या बाईने पाच केले होते. मी हसले होते.

२५ जानेवारी
नावे परत बदलायला गेले. गेल्या वेळी उघडला तो इतिहास आता उघडत नाही. फाईल कमलने घेतली आहे, आधी परत करा, असे उत्तर येते. परत करायची तर चौऱ्याऐंशीवे कारण पुरे करावे लागते. ते पुरे करताना ती—
फाईलची जुनी प्रत असलेली कपाटातली फ्लॉपी काढली. तीतही सगळीकडे कमल. रतिलालभाऊ म्हणाले, तुमची फाईल, तुम्हीच सोडवा.

२७ जानेवारी
रतिलालभाऊ हिलालला सांगत होते. सोमवारी वरणगावच्या नव्या बाई येणार. कमलबाई होत्या तेव्हा कसे सगळे—
होत्या. मी समोर बसले होते.

२८ जानेवारी
धुळ्याचे तिकीट काढले. उद्या नऊची एसटी. साडेनऊला मी रस्त्यावर असेन, त्या खुर्चीपासून लांब. पिशवी भरली.

२९ जानेवारी, सोमवार
एसटी फलाटाला लागली होती. एक पाय पायरीवर होता. मग डोक्यात आले, ती वरणगावची आता माझ्या खुर्चीत बसेल. माझ्या ओळी बदलेल. तिचे नाव—
उतरले. रिक्षा केली.
नऊ पंचवीस. बसले आहे. वही मांडीवर.
ती आली. तरुण आहे. सरळ चालते. रतिलालभाऊ तिला सांगताहेत, ही कमलबाईंच्या हातची फाईल, शेवटची नोंद तशीच राहू द्या. ती तोंड वाकडे करते. ओळखते मी ते तोंड.
बाई, नावाला हात लावू नका— माझ्याकडे कोणी पाहत नाही.
साडेनऊ. पडद्यावर चौऱ्याऐंशी. हात आपोआप—
कारण: मला तिचा हेव