तापी तुफानचा टाइमआउट

मी, अभिमन पुना सोनवणे, वय ६९, राहणार जळगाव, मूळ गाव पारोळा, धंदा आधी केबल, मग वाहिनी, मग कबड्डीचा संघ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना माझ्या पश्चात काय कोणाचे ते लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मी शुद्धीत आहे यावर चिरंजीव कुंदन यांचा विश्वास नाही.

१. राहते घर पत्नी प्रमिलाबाईंना. गच्चीवरची बंद पडलेली मोठी डिश काढू नये. तिथे पंधरा वर्षे कबुतरांचा ताबा आहे, कोर्टात गेले तरी तेच जिंकतील.

२. माझी जुनी पक्कड प्रतिस्पर्धी केबलवाले धनसिंगभाऊंना. माझ्या तारांचे तुकडे पाहून ते दातांनी कापत असावेत असे वाटे. या वयात दातांना त्रास नको.

३. 'गिरणाकाठ' वाहिनी कुंदनला. तो तिला 'प्लॅटफॉर्म' म्हणतो. तिचे पोट मात्र अजून वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींवरच भरते.

४. 'तापी तुफान' कबड्डी संघ. कुंदनला तो सुरतेच्या पार्टीला विकायचा आहे. विकायचा नाही. तो पहूरच्या झुलालनाना पाटलांना द्यायचा. चार वर्षांपूर्वी यांनाच मी प्रशिक्षकपदावरून हाकलले होते. का, ते आता लिहितो.

धुळ्याला अंतिम सामना होता. आम्ही दोन गुणांनी पुढे, शेवटचे मिनिट सुरू, समोरचे धापा टाकत होते. आणि मला आठवले की तूरडाळवाल्या प्रायोजकाची एक जाहिरात दाखवायची राहिली आहे. मालकच मी, वाहिनीही माझी. मी नानांना टाइमआउट घ्यायचा इशारा केला.

नाना धावत आले. "भाऊ, आते थांबू नका. पोऱ्हे तापेल शेतस."

पोरे खरेच तापलेली होती, तरी मी म्हणालो, "पगार कोण देतो?"

तूरडाळ झकास दिसली. तेवढ्यात समोरच्यांना दम मिळाला, एका चढाईत त्यांनी तीन गुण नेले आणि आम्ही एका गुणाने हरलो. रात्री माझ्या वाहिनीवर पट्टी फिरली: 'प्रशिक्षकाच्या चुकीने करंडक हुकला.' नानांनी संघाचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून पिशवीतून परत पाठवला. पहूरमध्ये लोक त्यांना अजून 'टाइमआउट नाना' म्हणतात. प्रमिलाबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "खेळ तुमना नही, पोऱ्हेस्ना शे." मी टीव्हीचा आवाज वाढवला होता. मला लाज वाटते. जिवंतपणी पहूरला जाऊन हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून वकील लावला.

५. कन्या सारिका हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. वाहिनी कुंदनच्या ताब्यात देण्याआधी तिच्यावर तीन दिवस ही पट्टी चालवावी: 'धुळ्याचा टाइमआउट मालकाने मागितला होता. झुलालनानांची चूक नव्हती.' सोबत तो सामना पूर्ण दाखवावा. मध्ये एकही जाहिरात नको. मला श्रद्धांजली वाहणारीसुद्धा नको.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

अभिमन पुना सोनवणे
जळगाव, ९ जानेवारी २०२६

साक्षीदार:
१. पुष्पाबाई मगन चौधरी, शेजारी
२. गुलाब सपकाळे, 'गिरणाकाठ'चे कॅमेरामन. इशारा करणारा माझा हात यांनीच टिपला होता, आणि माझ्या सांगण्यावरून कापला होता. तो तुकडा त्यांनी जपून ठेवला आहे.