ओल्डेनडालांची वंशावळ

क्लिपड्रिफ्ट,
९ फेब्रुवारी १९६२

प्रिय मीना,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच चुलीत घातलं नसशील, तर तू आणि लेक सुसारा दोघी सुखरूप असाल अशी आशा करते. पत्ता तुमच्या वस्तीतल्या पाद्रीबाबांनी दिला, तोही तीनदा मागितल्यावर. "बाई, त्या पोरीला आता पुरे झालं," म्हणाले. मी म्हटलं, मी तिची आत्येसासू आहे.

इकडे सगळं ठीक. यंदा अंजिरं उदंड आली. मुरंबा एकटीनंच घातला आणि करपवला. अब्रामदादा, तुझे सासरे, गेल्या हिवाळ्यात गेले. अखेरपर्यंत शुद्धीवर होते. तुझं नाव काढलं का, असं विचारशील, तर नाही. आपले मूळपुरुष बारेंट ओल्डेनडाल यांच्या नावाचा दगड चर्चच्या आवारात उभा राहिलेला त्यांनी पाहिला, एवढं समाधान घेऊन गेले. डिर्क बरा आहे.

त्या दगडासाठीच दादांनी मला कामाला लावलं होतं, तुला आठवत असेल. "शाळेतून निवृत्त झालीस, आता घराण्याची वंशावळ लिही." दोन वर्षं मी बसनं केपटाउनच्या दप्तरखान्यात जात होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढा आनंद मला कशातच मिळाला नाही. बारेंट १६९१ साली डच कंपनीच्या जहाजातून उतरले, त्यांची बायको लैसबेट ही ॲमस्टरडॅमच्या एका पाद्र्याची लेक, असं आपल्या कौटुंबिक बायबलात लिहिलं आहे. तिथपासून डिर्कपर्यंत नऊ पिढ्या मी जुळवल्या.

त्याच दिवसांत सुसाराला शाळेतून घरी पाठवलं. पालकांची तक्रार होती की ही मुलगी गोरी दिसत नाही. मग माणसांचा वर्ण ठरवणाऱ्या सरकारी मंडळाचं पत्र आलं आणि आपण सगळे त्या लांबट खोलीत बाकावर बसलो. त्या साहेबानं सात वर्षांच्या पोरीला खिडकीशी नेऊन, वर्ण ओळखायला तिची नखं पाहिली. तिला वाटलं, स्वच्छता तपासतायत. "मी आज सकाळीच घासलीत," ती म्हणाली. तू तेव्हा हसलीस, मीना. घाबरून माणूस हसतं तसं.

मग तुला बाहेर बसवून मला आत बोलावलं. मी वंशावळ टेबलावर उलगडली. साहेबानं ती सगळी वाचली, बोट ठेवून.

"घराणं तर स्वच्छ दिसतंय. मग मुलीचा रंग आला कुठून?"

"आमच्याकडून नाही," मी म्हणाले.

"म्हणजे सुनेकडून?"

"ती अनाथालयात वाढली. तिची आजी कोण होती, हे तिचं तिलाच सांगता येत नाही."

हे तू मला अंजिरं सोलताना सांगितलं होतंस. या घरात तू ते फक्त मला सांगितलंस. साहेबाला तेवढं पुरलं. महिन्याभरात तू आणि सुसारा कागदावर मिश्रवर्णी झालात, तुझं आणि डिर्कचं लग्न रद्द झालं आणि तुम्हाला त्या वाळूतल्या वस्तीत धाडलं.

एवढं तू जाणतेस. बाहेर बसलीस तरी भिंत पातळ होती. आता जे जाणत नाहीस ते लिहिते.

त्या दिवसाच्या चार महिने आधी मला एक नोंद सापडली होती. १६९८ सालची. बारेंटनं जहाजाच्या एका कप्तानाकडून एक गुलाम मुलगी विकत घेतली: नाव लैसबेट, मुलूख बंगाल, वय अंदाजे चौदा. तीन वर्षांनी तिचा बाप्तिस्मा झाला, तिला मुक्त केलं आणि पंधरवड्यात तिच्याशी लग्न लावलं. थोरला मुलगा त्याआधीच झाला होता. आम्ही सगळे त्याचेच वंशज. पाद्र्याची लेक नंतर कुणीतरी रचली.

मी ते लपवलं नाही. नक्कल करून डिर्कला दाखवली. तो द्राक्षाच्या मांडवात काम करत होता. उभ्याउभ्या वाचली.

"आत्या, हे आणखी कुणी पाहिलंय?"

"कुणी नाही."

"मग तूही पाहिलं नाहीस."

"अरे, हे मंडळापुढे ठेवलं तर तिघांनाही एकाच रांगेत बसवतील. मीना एकटी पडणार नाही. एका घरात राहाल."

"कुठल्या घरात?" तो म्हणाला, आणि कागद मला परत दिला.

सुनावणीनंतर तो जिन्यात रडला. त्या रडण्यावर तू इतकी वर्षं काढली असशील, म्हणून सांगते. तो रडला हे खरं. पण त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मला वाटलं, तो पुरुष असून बोलत नाही, तर मी का बोलावं? माझं शाळेचं निवृत्तिवेतन होतं, माझा चर्चमधला बाक होता, आणि ती वंशावळ माझ्या हातची होती.

पुढच्याच वर्षी त्यानं आनेकीशी लग्न केलं. छापलेल्या वंशावळीत त्याच्या नावापुढे तेवढं एकच लग्न आहे. पहिला मुलगा आनेकीसारखा गोरा झाला. दुसरा जूनमध्ये झाला. मीना, तो सुसारापेक्षाही सावळा आहे. टोपडं घालून बाहेर काढतात. परवा डिर्क माझ्याकडे आला, बसला. मग म्हणाला, "आत्या, आनेकीच्या माहेरच्या नोंदी जरा बघून ठेवशील का? असू दे हाताशी."

मी बरं म्हटलं.

सोबत त्या नोंदीची नक्कल आहे, दप्तराच्या क्रमांकासकट आणि माझ्या सहीनिशी. ती मंडळाकडे नेलीस तर डिर्क, त्याची मुलं आणि मी, सगळेच तुझ्या बाकावर येऊन बसू. मी स्वतः नेणार नाही, एवढं धैर्य माझ्यात नाही. तूही नेणार नाहीस. त्या तान्ह्याकडे बघून तुझा हात उचलणार नाही, हे मी ओळखून आहे. ओळखून आहे म्हणूनच पाठवते आहे. माझ्याजवळ ठेवून मला झोप लागत नाही, आणि तुझ्याजवळ ते सुरक्षित राहील.

सुसाराला काय सांगायचं ते तू ठरव. उत्तर पाठवू नकोस. पत्र डिर्कच्या हाती पडलं तर पंचाईत.

तुझी कुणी म्हणून सही करावी, ते नातं कायद्यानं उरलेलं नाही,
माग्रीता ओल्डेनडाल