भर दुपारच्या रिकाम्या पायऱ्या

थोरल्या, हा कागद तूच मोठ्याने वाचणार, म्हणून आधी कपाळावर चढवलेला चष्मा खाली घे. घरभर शोधत फिरू नकोस. आणि बहिणीला बोलाव. तिला कळवायचे तू विसरला असशीलच.

मी, खाली अंगठा उमटवणारी, वय वर्षे एक्याऐंशी, जिला लोक फोटोवाल्याची बायको म्हणतात पण जी स्वतः फोटोवाली आहे, हे मृत्युपत्र कुणाच्या दाबाखाली न येता सांगत आहे. अक्षर मला येत नाही. मी बोलते, लेखनिक लिहितात आणि प्रत्येक कलम परत वाचून दाखवतात. डोके ठिकाणावर आहे. संतापही ठिकाणावर आहे. कलम तीन पाहावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. भांडलात तरी ऐकायला मी नाही.

२. मोठी कढई धाकट्या जावेला देऊ नये. तिने मागितली होती, म्हणूनच.

३. आता स्टुडिओ. स्टुडिओच्या पन्नाशीला थोरल्याने मी काढलेला बाजारातल्या पायऱ्यांचा फोटो भिंतीएवढा करून लावला. खाली पाटी: ‘निर्मनुष्य पायऱ्या, पहाट. छायाचित्र: बाबा.’ लेकीने मला ती वाचून दाखवली. एका पाटीत तीन थापा! जाब विचारला तर म्हणतो, “आई, तू तर नुसती मोजायचीस. लोकांना काय फरक पडतो?”

नुसती मोजायची! लिहा लेखनिकसाहेब, एक शब्द गाळू नका.

तो फोटो दुपारी बाराला काढला आहे, पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती तेव्हा. तुझे बाबा कोपऱ्यावर चहा पीत गप्पा छाटत होते. कॅमेऱ्यापुढे मी दोन काळ्या काचा चढवल्या. त्या फिल्टर-काचा रंग बदलत नाहीत, फक्त उजेड अडवतात. उजेड थेंबथेंब आत येतो, म्हणून शटर दहा मिनिटे उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात जो चालतो तो फोटोत उरत नाही. बसून राहतो तो उरतो. घड्याळ मला वाचता येत नव्हते, म्हणून मी विणत होते. वीस टाक्यांची एक ओळ म्हणजे अर्धे मिनिट. वीस ओळी झाल्या, शटर बंद. पुस्तकी हिशेबाने सहा ओळी पुरल्या असत्या, पण इतक्या कमी उजेडात फिल्म आळसावते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो. हे मी चार रोल वाया घालवून शिकले, आणि त्यापायी बोलणीही मीच खाल्ली.

पुरावा हवा? फोटोत छत्र्या दुरुस्त करणारा बसला आहे. डोके, खांदे, मांडी लख्ख. हात नाहीत, तिथे नुसता धूर, कारण हात चालत होते. आणि त्याची सावली बुडाखाली दडली आहे, ताटलीएवढी. पहाटेची सावली अशी असते का रे? चार बुके शिकलास आणि सावली वाचता येईना!

लेखनिक म्हणाले, “आजी, एवढं मृत्युपत्रात लागत नाही.”

मी म्हणाले, “लागतं. लिहा.”

फोटोमागे सही बाबांची आहे. त्यांनी विचारले होते, “तुझं नाव घालू का?” मी लाजून “राहू द्या” म्हटले. चूक माझी. पण चाळीस वर्षे शिक्षा भोगली, आता पुरे.

४. स्टुडिओ थोरल्याला मिळेल, दोन अटींवर. पाटी बदलायची: ‘भर दुपार. फोटो आईने काढला.’ आणि माझ्यामागे तीन महिन्यांत त्याने स्वतः, त्याच वेळी, फिल्मवर, याच दोन काचा लावून त्या पायऱ्या रिकाम्या करून दाखवायच्या. निकाल साक्षीदार देतील. बहिणीने देऊ नये, ती भावाला डोळे मिटून पास करील. नाही जमले तर स्टुडिओ तिचा.

आधी फोकस, मग काच. काच लावल्यावर आत मिट्ट काळोख दिसतो. मागच्या खेपेला तू काच आधी लावलीस आणि कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला नेलास.

५. लोकरीची लांब पट्टी लेकीला. तो मफलर नव्हे, माझी वही आहे. जिथे शटर बंद केले तिथे लाल गाठ आहे. थोरल्याने त्या पट्टीने मोटार पुसली होती. डाग गेलेला नाही, रागही नाही.

सर्व वाचून ऐकले. दोन ठिकाणी लेखनिकांनी माझा आवाज खाली आणला होता, तो परत वर करून घेतला.

डाव्या हाताचा अंगठा: (उमटवला)
साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), वरच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस (सही)
ठिकाण: स्टुडिओमागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९

अंगठा दिल्यावर, साक्षीदारांसमोर सांगितलेले: लेकी, दादा पायऱ्यांवर उभा राहील त्या दिवशी त्याला डबा पाठव. उपाशी असला की त्याचे हात कापतात आणि स्टँड हलतो. उकडलेली अंडी सोलून दे, सोबत कोरडा पाव. तेलकट काही देऊ नकोस, बोटे काचेला लागतात. अंडी चार दे. दोन तो पहिला फोटो बिघडल्यावर खाईल.