पाचट कुणी पेटवलं

आबा, तुम्ही गेलात तेव्हा साताऱ्याच्या या बाजूला, जिथं मी आता राहतो, ज्वारी डोलत होती. आता तीन-तीन मजल्यांच्या इमारती आहेत आणि प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या बागेचं नाव आहे. बाग एकही नाही. रस्ता रुंद करायला चिंचा तोडल्या, मग ऊन सोसवेना म्हणून घरोघरी एसी बसवले. शंभर पावलांवरून दुधाची पिशवी आणायला माणसं गाडी काढतात. मला या सगळ्याची शिसारी येते. तुम्ही म्हणाल, तुला कशाची येत न्हाई? खरंय. कॉलेजची आली म्हणून दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर वही आपटून निघून आलो. आईनं महिनाभर बोलणं टाकलं. आता मी घंटागाडी चालवतो. सकाळी सातला गाणं लावून गल्लोगल्ली कचरा गोळा करतो.

हा भाग मी मुद्दाम मागून घेतला, कारण इथं तिसऱ्या गल्लीत ती राहते. माझ्याच वर्गात होती. तिनं कॉलेज पुरं केलं, आता शाळेत विज्ञान शिकवते. सहा महिने दारोदार फिरून तिनं सगळ्या गल्लीला ओला कचरा वेगळा, सुका वेगळा ठेवायची सवय लावली. गाडी आली की ती स्वतः फाटकाशी उभी. एकदा एका काकूंची पिशवी तिनं उघडून बघितली. "काकू, भाजीचे देठ आणि प्लॅस्टिक एकाच पिशवीत? परत न्या." काकू माझ्याकडं वळल्या, "बघ रं बाबा. कचऱ्याची गाडी तुझी हाय का हिची?" मी म्हणालो, "मी नुसता ड्रायव्हर, काकू. साहेब ह्याच." ती हसली. त्या हसण्यावर मी आठवडा काढला, आबा.

तिनंच मला समजावलं होतं. ओलं मोठ्या ढिगात दाबलं गेलं की आत हवा मिळत नाही, ते सडतं आणि मिथेन सोडतं. तो वायू हवेत उष्णता धरून ठेवतो. तेच ओलं वेगळं काढलं, वरखाली करून हवा दिली, तर खत होतं. "शहर वाढणारच रं," ती म्हणाली, "पण निदान एवढं तरी आपल्या हातात हाय." मी मान हलवली. मला ठाऊक होतं की माझ्या गाडीत मधे पत्रा आहे, एका बाजूला ओलं, एका बाजूला सुकं, आणि डेपोवर पोचलो की ठेकेदाराचा मुकादम हात करतो, "वत एकातच." पहिल्या दिवसापासून मी एकातच ओततोय. तिनं विचारलं, "खत होतंय ना तिकडं?" मी म्हणालो, "व्हय की. मोठमोठे खड्डे काढल्यात."

गेल्या आठवड्यात मुकादम म्हणाला, "उद्या तपासणीला साहेब येणार हायत. ढीग निम्मा दिसला पायजे. पेटव." मी म्हणालो, न्हाई. "मग किल्ली ठिव हितं. गाडीवर बसायला लय पोरं हायत." किल्ली हातात घेऊन मी उभा राहिलो. किल्ली ठेवली तर तिसरी गल्ली गेली. मी पेटवलं, आबा. ज्यांना मी नावं ठेवतो ते निदान दूध तरी आणायला गाडी काढतात. मी एक हसणं बघायला मिळावं म्हणून ढीग पेटवला. दोन दिवस धूर वस्तीत भरून होता. तिसऱ्या सकाळी ती फाटकाशी आली, नाकाला ओढणी, डोळे लाल. "कुणी पेटवलं रं?" मी म्हणालो, "आपोआप पेटतं. आत गॅस असतो ना, तूच म्हणालीस." तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे आपलंच चुकतंय. अजून नीट वेगळं होत न्हाई." आणि डबा तिथंच ठेवून पुन्हा दारोदार सांगायला गेली. तिची पाठ बघताना मला स्वतःची जी किळस आली, तशी आजवर कुणाची आली नव्हती.

नाही, एकदा आली होती. उंब्रजचं आपलं रान. ऊस तुटून गेलाय, सगळं गाव मागं उरलेलं वाळकं पाचट पेटवतंय आणि तुम्ही एकटे ते सरीत पसरून ठेवताय. मिलिटरीतनं आलेला माणूस, कुणाच्या हसण्याला भीक घालत नाही. "माती उघडी ठिवू नये," तुम्ही म्हणता, "तिला बी ऊन लागतंय." मी अकरा वर्षांचा. शाळेत पोरं म्हणतात, तुझ्या बाचं रान म्हंजे उकिरडा हाय. मला लाज वाटते. त्याच दुपारी शेजारचे अण्णा बांधापलीकडं त्यांचं पाचट पेटवत होते आणि आपलंही पेटलं. तुम्ही धावत आलात, बांधावर उभं राहून त्यांना नाही नाही ते बोललात. ते हात जोडून सांगत होते, "आवं, वारं तुमच्याकडनं इकडं हाय. माझी ठिणगी उलटी कशी जाईल?" मी बांधावर उभा राहून रडत होतो. तुम्ही मला जवळ घेतलंत, मनगटावरचं फौजेतलं घड्याळ काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "मातीसाठी रडणारं पोरगं हाय माझं." दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर अण्णांशी एक शब्द बोलला नाहीत. तिरडीला पहिला खांदा त्यांनीच दिला.

त्यांची ठिणगी नव्हती, आबा. काडी माझी होती. ढीग पेटवला तेव्हाही हेच घड्याळ हातात होतं.

हे पत्र पाठवायचं कुठं? पण हे काही मी तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. उद्या सातला गाडी तिसऱ्या गल्लीत जाईल, तेव्हा पत्र्याचं, खड्ड्यांचं, काडीचं तिला सांगायचंय, आणि तोंडातनं शब्द निघतो का ते आधी इथं बघत होतो. तुम्हाला सांगताना शब्द निघाला. तुम्ही काही बोलणार नाही, हे ठाऊक होतं. ती बोलेल.