नारळ फोडला की बंद पडणारी गाडी

तीर्थस्वरूप अनंतदादांस,

धाकट्या मारोतीचा साष्टांग नमस्कार. नागपूरच्या थंडीत तुमचे गुडघे बरे असतील आणि वहिनी खुशाल असतील, असे धरून चालतो. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुम्ही दिलेली जुनी गाडी तेवढी नाही.

येत्या सोमवारी यवतमाळला आईच्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. कापसाने दगा दिल्यापासून गावातल्या भाड्याच्या जीपा विकल्या गेल्या, आणि एस.टी.च्या पायरीवर आईचा पाय ठरत नाही. म्हणजे ही गाडी चालायलाच हवी. चतुर्थीला आईने रिवाजाप्रमाणे बंपरवर नारळ फोडला, मी चिंतामणीचे नाव घेऊन किल्ली फिरवली, तर इंजिन नुसते खोकले. दारव्ह्याहून रूपसिंग मिस्त्री आला. त्याने डिकीत हात घालून एक बटण दाबले आणि गाडी सुरू झाली. (जोराचा धक्का बसला की पेट्रोल तोडणारा तो स्विच, अपघातात आग लागू नये म्हणून.) आईने आनंदाने तिथेच दुसरा नारळ फोडला. गाडी बंद. रूपसिंगने पुन्हा दाबले, आईने पुन्हा फोडला. (आमच्याकडे सध्या तिन्ही त्रिकाळ खोबऱ्याची चटणी आहे.) शेवटी आमची सौ. शोभाच म्हणाली, “अहो, नारळ फोडला का मरते ना ते! देवाले कायले साकडं घालता?”

मग मी हट्टाला पेटलो. बंपरवर नुसती थाप मारली: बंद. खड्ड्यातून नेली: बंद. किल्ली फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप गुणगुणायला हवा, तो थाप बसताच मुका होतो. म्हणजे स्विच इतका ढिला झाला आहे की त्याला नारळही अपघातच वाटतो. रूपसिंग म्हणाला, “काकाजी, स्विच काढून वायरी डायरेक्ट जोडतो, झंझटच खतम!” मी म्हटले, “माय बसनार हाय यात. नवाच टाकू.” तोवर गाडीवर नारळ बंद. पण आई म्हणते, “नारळ नाही त मी बसत नाही. आंधळी राहीन!”

तुमचा आज्ञाधारक,
मारोती

ता.क. स्विच इकडे मिळत नाही; नागपुरातून नवा घेऊन शनिवारच्या दारव्हा एस.टी.च्या कंडक्टरजवळ नक्की द्यावा. मूळ काम एवढेच.

आणखी ता.क. आई तयार झाली. नारळ बंद करण्याचा हुकूम तुमचा आहे, असे मी तिला सांगितले. (माझी हिंमत झाली नाही.) तिचा फोन आला तर नाही म्हणू नका. आज सकाळी तिने तुम्हाला सुबुद्धी मिळावी म्हणून नारळ फोडला. उंबऱ्यावर. गाडी चालू राहिली.