आमेननंतरची ओळ

सिस्टर,

गेल्या रविवारी दौंडच्या देवळात तुमच्या कॅथलिक लोकांनी आमची ओळ म्हटली. मी मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले होते. ती तुमच्याच वर्गातली, रेल्वेतल्या गार्डसाहेबांची मुलगी. बडबडीबद्दल तुम्ही जिला दारापाशी उभं करायचात ती. मिस्साची प्रार्थना आता लॅटिनऐवजी मराठीत होते आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात, हे मी ऐकून होते. पण प्रभूची प्रार्थना झाली, फादर मध्येच एक लहानशी प्रार्थना एकटे म्हणाले आणि मग सगळं देऊळ एका आवाजात ती ओळ म्हणालं. राज्य देवाचं, पराक्रम देवाचा, हे सांगणारी. आमच्या शिरूरच्या प्रॉटेस्टंट मिशनमध्ये म्हणतात तीच, थोड्या वेगळ्या शब्दांत. शेजारची म्हातारी बाई कागदात बघून चाचपडत म्हणत होती, कारण तिला ती नवीन होती. मला ती जन्मापासून पाठ. तरी मी म्हटली नाही. तोंड उघडलं होतं, आवाज फुटला नाही. त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा ओळीनं मांडू द्या. मी दुसरीत तुमच्या शाळेत आले. आधी शिरूरला आजीजवळ होते. आप्पांना लोको शेडमध्ये कायमची नोकरी लागली, रेल्वेचं एका खोलीचं क्वार्टर मिळालं आणि त्यांनी आम्हाला दौंडला आणलं. शाळा म्हणजे देवळाला लागून दोन खोल्या आणि एक लांब ओसरी. यार्डातून धूर आला की तुमच्या पांढऱ्या झग्यावर काळे ठिपके पडायचे, आणि ते झटकले तर आणखी पसरतात म्हणून तुम्ही फुंकर घालायचात. वर्गात गोव्या-मंगळूरकडची रेल्वेतली मुलं, आमच्यासारखी मिशनवाल्यांची दोन-तीन, आणि बाकीची गावातली. पाटसच्या बाजूने येणारी एक धनगराची मुलगी होती. ती प्रार्थनेत डोळे इतके घट्ट मिटायची की तिच्या पापण्या थरथरायच्या. दुपारी बाराला देवळाची घंटा झाली की तुम्ही हातातला खडू तसाच धरून, अर्ध्या लिहिलेल्या शब्दापाशी उभ्या राहायचात. प्रार्थना पुटपुटून झाली की तोच शब्द पुढे. मला ते फार आवडायचं. देवासाठी शब्द अर्धा सोडायचा, आणि परत येऊन तो पुरा करायचा.

पहिल्या दिवशीची सकाळ. सगळा वर्ग हात जोडून उभा आहे, मीही. प्रार्थना मला येते याचा केवढा आनंद झालाय मला! शब्द कुठे कुठे वेगळे आहेत, पण वाट तीच आहे, मी मोठ्या आवाजात चालले आहे. सगळे आमेन म्हणतात आणि बसायला वाकतात, आणि माझा एकटीचा आवाज पुढे जातच राहतो. आमच्यात आमेन तिथे येत नाही, आमच्यात आणखी एक ओळ आहे. मला तोवर वाटत होतं की ती सगळ्या जगात आहे. मी डोळे उघडते तर सगळे माझ्याकडे बघतायत.

“सिस्टर, हिची गाडी सिग्नल न बघताच सुटली!” गार्डसाहेबांची मुलगी ओरडली. वर्ग खो खो हसला. त्या हसण्यात धनगराची मुलगीही होती, जिला दोन्हीतला फरक कळणं शक्य नव्हतं.

तुम्ही हसला नाहीत. जवळ येऊन म्हणालात, “इथं आमेनला थांबायचं हां, बाय. सगळ्यांबरोबर.” एवढंच. त्यात राग नव्हता, पण माझे कान तापले. आठवड्याभरात मी थांबायला शिकले. सगळ्यांबरोबर थांबण्यात काय सुख असतं तेही शिकले. तीस जणांचं एकच आमेन आणि बाकांचा एकच आवाज, आणि त्यात मी कुठे आहे हे कोणालाच ओळखू येत नाही. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक नसलेल्या आम्हा बाकीच्यांना ओसरीवर शुद्धलेखनाला बसवत. मी खिडकीखालची जागा धरायची आणि आतली प्रश्नोत्तरं पाठ करायची. तुम्हाला ते माहीत होतं. एकदा आतल्या कोणाला उत्तर येईना तेव्हा मी बाहेरून पुटपुटले, आणि तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, “तू गो, कॉलेजात जाणार.” कॉलेज हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता. आप्पा चौथी पास, आईला सही येत होती.

घोटाळा घरी झाला. आप्पा शिफ्टवरून आले, हातपाय धुऊन आम्ही रोजच्यासारखे प्रार्थनेला बसलो, आणि मी सवयीने आमेनला थांबले. आप्पांनी डोळे उघडले.

“पुढचं कुठं गेलं?”

“शाळेत इथंच संपतं.”

उरलेली ओळ आप्पांनी एकट्यानेच म्हटली. मग आईला म्हणाले, “मे म्हैन्यात हिला शिरूरला घालू. म्हातारीपाशी ऱ्हाईल, मिशनच्या शाळंत जाईल. ऱ्हाऊ दे हितलं.”

त्यांना संतापी म्हणू नका. माझे आजोबा मिशनच्या कंपाउंडात झाडलोट करायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. जी काही विद्या ते मागे ठेवून गेले ती ही प्रार्थना, शेवटच्या ओळीसकट. राज्य देवाचं आहे, म्हणजे पाटलाचंही नाही आणि साहेबाचंही नाही, असं ते आप्पांना समजावून सांगायचे. आप्पांच्या दृष्टीने मी नेमका तोच तुकडा हरवून आले होते. मला हे तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की शिरूरला गेले की तुम्ही नाही. मधल्या सुट्टीत मी ओसरीच्या खांबाला टेकून रडले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं सांगून टाकलं.

शनिवारी दुपारी तुम्ही आमच्या क्वार्टरवर आलात. सोबत एक वयस्कर सिस्टर, कारण एकटीने कुठे जायचं नाही असा तुमचा नियम. आईने खाटेवर धुतलेली चादर घातली. तुम्ही मात्र सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पाटावर येऊन बसलात, शेगडीपाशी. आईने कपबशीत चहा दिला. तुम्ही तो हातात धरून बसलात. बोलत राहिलात, मी कशी हुशार आहे वगैरे, आणि चहावर साय धरायला लागली. आई बघत होती. आई कधी कोणाला तोडून बोलत नसे, पण त्या दिवशी म्हणाली,

“आमच्या हातचं चालत न्हाई का, सिस्टर?”

आमच्या गावाकडे हा प्रश्न किती जुना आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. पण तुमचा चेहरा एकदम पांढरा पडला.

“नाही हो बाई, तसं नाही. मठाबाहेर खायचं-प्यायचं नाही हा आमचा नियम. तुमच्या हाताचा काय दोष?” आणि तुम्ही तो गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकलात, कप उलटा करून दाखवल्यासारखा. “आता नियमाचं माझं मी बघीन.” वयस्कर सिस्टर खिडकीतून बाहेर बघायला लागल्या, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

आप्पा दारात उभे होते. म्हणाले, “तुमचे उपकार हायेत, सिस्टर. पोर शिकती, दिसतंय आम्हाला. पन ती अर्धी प्रार्थना घिऊन घरी येती. हे न्हाई चालायचं.”

“वर्गात ती ओळ मी घेऊ शकत नाही, आप्पा. तो माझा अधिकार नाही.”

“व्हय. मंग?”

तुम्ही रिकामा कप खाली ठेवलात. “पण तिच्याकडून ती काढूनही घेणार नाही. आमेन झाल्यावर मी थांबेन. ती मनात म्हणेल. तिचं झालं की बसा म्हणेन.”

आप्पांनी मान खाली घातली. “बरं,” म्हणाले. मग हसून, “आमची वळ लांब हाय. थांबाल ना तेवढं?”

“तुम्ही एकदा म्हणून दाखवा, म्हणजे मला अंदाज येईल.”

आप्पांनी म्हटली. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत. तुमचे ओठ हलले नाहीत, मी नीट बघत होते.

सोमवारपासून ते सुरू झालं. आमेन. आणि मग काही नाही. तीस मुलं उभी, कोणाला ठाऊक नाही का. यार्डात डब्यांच्या शंटिंगचे धक्के ऐकू येतात, कोणी नाक ओढतं. आणि मग तुम्ही म्हणता, “बसा.” पहिल्या दिवशी वर्ग गोंधळला, दुसऱ्या दिवशी थोडा हसला, पंधरवड्यात ती सगळ्यांची सवय झाली. धनगराची मुलगी मला म्हणाली, “सिस्टर त्या वक्ताला देवाची वाट बघत्यात.” दोन वर्षं, शाळेच्या प्रत्येक सकाळी, कोणीतरी माझ्यासाठी थांबत होतं. सिस्टर, त्यानंतर मी पुण्याला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले, सभा ऐकल्या, सगळी माणसं एक आहेत असं सांगणारी भाषणं ऐकली आणि एकदा स्वतःही केलं, टाळ्या घेतल्या. पण त्या थांबण्याएवढं खरं मला पुढे काही भेटलं नाही. तुम्ही माझं तुमचं करून घेतलं नाहीत आणि तुमचं मला दिलं नाहीत. नुसती जागा ठेवलीत. मला अजून सकाळी दहाच्या सुमाराला, कुठेही असले तरी, ती जागा आठवते.

मग चौथीतला तो दिवस. मोठ्या मठातून तुमच्या प्रमुख मदर आल्या होत्या. वर्ग बघत फिरत होत्या. प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि तुम्ही नेहमीसारख्या थांबलात. त्याही थांबल्या. “बसा” झाल्यावर त्यांनी विचारलं, ही शांतता कशासाठी? आणि मी उभी राहून सांगितलं की सिस्टर माझ्यासाठी थांबतात, आमच्यात पुढे एक ओळ आहे ती मी मनात म्हणते.

मदर काही रागावल्या नाहीत. “अच्छा,” म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. दुपारी तुम्हाला बोलावणं आलं. सुट्टी झाल्यावर मी ओसरीवर तुमची वाट बघत होते. तुम्ही बाहेर आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी विचारलं, “मी चुकले का, सिस्टर?” तुम्ही म्हणालात, “खरं बोललीस. खरं बोलल्यावर कशी रागावू, बाय?” दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली. आमेन. बसा. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मी वाकायला उशीर केला आणि एकटीच उभी राहिले. कोणी हसलं नाही. बाकांचे आवाज थांबले तेव्हा बसले.

आप्पांना मी सांगितलं नाही. चौथीचे आणखी चारच महिने उरले होते, मी घरी पूर्ण प्रार्थना म्हणत राहिले. उन्हाळ्यात तुमची बदली झाली. कुठे, ते आम्हाला मुलांना कोणी नीट सांगितलं नाही. मी मॅट्रिकला होते तेव्हा गार्डसाहेबांच्या मुलीने सांगितलं, तुम्ही तापाने गेलात, कुठल्याशा दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना. मी बी.ए. झाले तेव्हा आप्पांनी लोको शेडमध्ये पेढे वाटले. एक पेढा त्यांनी आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ह्यो त्या सिस्टरांचा. कुनाला द्यायचा ते बघ.” मी तो त्या धनगराच्या मुलीला दिला. ती आता पाटसच्या कारखान्यावर नवऱ्याबरोबर राहते. खाताना म्हणाली, “त्या लई थांबायच्या गं.”

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. मठातल्या आताच्या सिस्टरांना देता येईल, त्या तुमच्यासाठी मिस्साही ठेवतील. पण त्यांनी हे वाचलं तर त्यांना वाटेल की एका मोठ्या मनाच्या बाईची आणि खरं बोलणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे. मीही ती आजवर तशीच सांगत आले आहे, कॉलेजात, घरी, रविवारी बाप्तिस्म्यानंतर जेवतानाही. पण ती तशी नाही. मदरनी मला विचारलं नव्हतं. वर्गालाही विचारलं नव्हतं. त्या तुमच्याजवळ, दारापाशी, अगदी हळू आवाजात तुम्हाला विचारत होत्या, आणि तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं होतंत. मी पहिल्या बाकावर होते म्हणून मला ऐकू आलं. मी उठले आणि मागच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढ्या मोठ्याने बोलले, कारण दोन वर्षं तुम्ही कोणासाठी थांबत होतात, ते मला सगळ्यांना कळायला हवं होतं.