एकेचाळीस नंबरची खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

आज अभ्यासिकेत महिन्याची खुर्ची घेतली. एकेचाळीस नंबर. घरी बोलायला कुणी नाही, इथं बोलायला बंदी — पण इथं साठ पोरं मिळून गप्प बसतात. तेवढा फरक पडतो.

तिथली व्यवस्था बघतो तो कलीम म्हणाला, "काका, परीक्षा कोणती?" चौथीची, म्हटलं. हसला. टेबलावरचा दिवा लावून दिला.

खोटं नाही ते. डाळमिलमध्ये छत्तीस वर्षं वजनकाट्यावर बसलो, तेव्हाही डोक्यात शाळेतल्या कविताच. आता आठवतील तशा वहीत उतरवतोय. नदीची कविता दुसऱ्या कडव्यात अडली. बायकोला, सिंधूला, पाठ होती. आज असती तर भाकरी थापता थापता पुढची ओळ म्हणाली असती.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी मुलाचा, शिवशंकरचा फोन, हैदराबादहून. कसं चाललंय? मजेत, म्हटलं. मंडळी जमतात, गप्पा होतात — लबाड म्हातारा! सूनबाईला दे म्हटलं, तर स्वयंपाकात आहे म्हणे. दर वेळी स्वयंपाकातच असते.

७ नोव्हेंबर

बेचाळीसवर जळकोटची मुलगी बसते, तनुजा. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचं तिसरं वर्ष. पुस्तक उघडं, पण पान चार दिवस तेच — मूत्रपिंडाचं चित्र.

नदीची कविता कागदावर लिहून तिच्याकडे सरकवली. खाली विचारलं, पुढची ओळ येते का? तिनं लिहिलं, नाही. मग बराच वेळ पेन हातात धरून बसली. आणि खाली लिहिलं: आजोबा, मी दिवाळीपासून क्लासला जात नाही. पप्पांना माहीत नाही.

कागद घडी करून खिशात ठेवला. मान हलवली. दोघं आपापल्या पानाकडे बघत बसलो.

८ नोव्हेंबर

तेच पान. तिचं, माझंही.

९ नोव्हेंबर, रविवार

चहाला बाहेर पडलो तर फाटकाजवळ लिंबाच्या सावलीला एक माणूस, हातात फडक्यात बांधलेला डबा. परत आलो तरी तिथंच. विचारलं. तनुजाचे वडील, बालाजी. दर रविवारी पहिल्या एसटीनं येतात. डबा कलीमकडे देतात, खिडकीतून पोरीची पाठ बघतात, दुपारच्या गाडीनं परत. भेटत नाहीत!

"आत गेलो तर तिचं ध्यान उडंल. हितं दोन तास थांबलं की बरं वाटतंय. घरी कोण हाय? हिची माय गेल्यापसून भिंतीसंगं बोलून राहिलो." मग डब्याची गाठ घट्ट करत, "अभ्यास करती नव्हं, काका?"

कागद खिशातच होता.

"करते," म्हणालो. "मन लावून."

काही लागलं तर असावा म्हणून नंबर लिहून दिला त्यांनी. हलके होऊन गेले.

१० नोव्हेंबर

तनुजानं चिठ्ठी सरकवली. जशीच्या तशी उतरवतो: "काल पप्पांशी बोलताना तुम्हाला खिडकीतून पाहिलं. तुम्ही त्यांना सांगाल म्हणूनच तुम्हाला सांगितलं होतं. मला सांगवत नाही."

आणि मी समजत होतो, पोरीची लाज राखली!

जिन्यात जाऊन बालाजींना फोन लावला. सगळं सांगितलं.  तिकडून एवढंच — "जेवती का तरी?"

११ नोव्हेंबर

आले. रविवार नसताना. पहिल्यांदाच आत आले, देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून. तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. ती वळली आणि घाबरून पुस्तक मिटलं.

"चल माय," म्हणाले. "मला करमंना घरी."

साठ जणांत, नेहमीच्या आवाजात. कलीम गप्प बसा म्हणाला नाही. क्लासचा विषयच निघाला नाही. बॅग त्यांनी उचलली, रिकामा डबा तिनं.

दिवा चालूच राहिला होता तिचा. दुपारी मी बंद केला.

१२ नोव्हेंबर

शिवशंकरचा फोन. कसं चाललंय? आज म्हटलं — मला करमत नाही.

सूनबाईला दे, असं आज म्हटलंही नाही.

"बाबा, ती दीड वर्षापासून माहेरी आहे," तो म्हणाला. "स्वयंपाक मीच करतो."